सहा स्क्रूंवरची पिवळी रेघ

वारज्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले सात महिने एक गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. चाकं काढलेली, मागचं झाकण उघडं, इंजिन परवापरवापर्यंत बाहेर काढून शेजारी जुन्या सतरंजीवर ठेवलेलं. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ रोज सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन जाताना थांबतात आणि विचारतात, "काय, कारखान्याचं उद्घाटन कधी?" मी हसून वेळ मारून नेतो. बायको म्हणते, हसता कशाला, तारीख सांगून टाका एकदाची.

तारीख सांगता येत नव्हती. काम सहा स्क्रूंवर येऊन अडलं होतं. त्या सहा स्क्रूंबद्दल एका माणसाला मला काहीतरी सांगायचं होतं, ते तीस-बत्तीस वर्षं सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणणंही खरं नाही. मी सांगितलं नाही. तो माणूस आता ऐंशीच्या पुढे आहे, वाघोलीला मुलाकडे राहतो. मी सांगायच्या आधी तो गेला असता, तर माझी चूक त्याच्या नावावर कायमची राहिली असती.

गाडी वडिलांची. जर्मन, गोल पाठीची, इंजिन मागच्या बाजूला. आमच्या गल्लीत तिला कासव म्हणायचे. वडील भौतिकशास्त्र शिकवायचे आणि कॅम्पातल्या एका पारशी गृहस्थांकडून त्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती. तिच्यात पाणी नाही, रेडिएटर नाही, इंजिन नुसत्या हवेवर थंड होतं, याचं त्यांना फार कौतुक. पाहुण्यांना चहाआधी मागचं झाकण उघडून दाखवायचे. पाहुणे बिचारे मान डोलवायचे.

गाडीची सगळी कामं नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये व्हायची. वडील त्या मिस्त्रींना उस्ताद म्हणायचे, ते वडिलांना साहेब म्हणायचे, आणि मी त्यांना चाचा म्हणायचो. रविवारी सकाळी वडील गॅरेजमध्ये जाऊन लोखंडी स्टुलावर बसत. हवा कुठून आत येते, कुठून बाहेर जाते, यावर त्यांचा वाद चाले. वडील हवेचे नियम सांगत. चाचा ऐकून घेत आणि म्हणत, "साहेब, नियम बरोबर असेल तुमचा. पण ही हवा कॉलेजात गेलेली नाही." वडील घरी येऊन ते वाक्य आईला दोनदा सांगत आणि स्वतःच हसत. त्यांना दुसरे मित्र होते असं मला आठवत नाही.

चाचांची एक पद्धत होती. कुठलाही बोल्ट किंवा स्क्रू स्वतःच्या हातानं आवळून झाला की बारीक ब्रशनं त्यावर पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढायची, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या पत्र्यावर. स्क्रू जरा जरी फिरला की रेघ तुटणार. "जिथं रेघ, तिथं माझी जबान," असं ते म्हणायचे. दुसऱ्या कुणी आवळलेल्या स्क्रूवर ते रेघ ओढत नसत, मग तो कितीही घट्ट असो.

मी डिप्लोमा करून नुकताच नोकरीला लागलो होतो, बाविसाचा होतो. गाडीच्या रूपाबद्दल माझ्या डोक्यात नाना कल्पना होत्या. वडिलांनी चाकांची आणि उंचीची परवानगी दिली, इंजिनाला हात लावायचा नाही या अटीवर. मागच्या चाकांच्या रिमा लेथवाल्याकडून मधोमध कापून घेतल्या, आत दोन इंची पट्टी वेल्ड करून त्या रुंद केल्या. मग गाडी मागून खाली घ्यायची होती. तिला नेहमीसारख्या स्प्रिंगा नाहीत. पोलादी दांडा पीळ खातो आणि सोडतो, एवढंच. दांड्याच्या आतल्या टोकाला चाळीस दाते, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस. एक टोक एका बाजूला एक दाता आणि दुसरं उलट बाजूला एक दाता फिरवलं की उंचीत अगदी थोडा फरक पडतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात मोजताना एका बाजूला चुकलो. गाडी डावीकडे चांगली तीन बोटं कलली.

तशीच चालवत नाना पेठेत नेली. चाचांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी आहे की खांबापाशी उभा राहिलेला कुत्रा?"

मग त्यांनी मला शेजारी बसवून दाते मोजायला शिकवलं. खडूनं खूण करायची, मोठ्यानं आकडा म्हणायचा, आणि मध्ये कुणी हाक मारली तर पुन्हा पहिल्यापासून. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दांडे मी बसवले म्हणून त्यावर त्यांनी रेघ ओढली नाही. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या दोन संध्याकाळींइतकं नीट मला कुणीच काही शिकवलं नाही. वाटतं असं म्हणतो, कारण आठवणीला पुढचं सगळं चिकटलेलं आहे आणि ते वेगळं करता येत नाही.

त्याच वर्षी इंजिन पहिल्यापासून बांधायला काढलं. ऊन तापायला लागलं होतं आणि रमजानचा महिना होता. चाचा रोजे धरून काम करत होते. दुपारी बाकीची मंडळी शटरच्या सावलीत टेकायची, हे मात्र उकिडवे बसून एकेक व्हॉल्व्ह घासत असायचे. ईदेच्या चार दिवस आधी इंजिन गाडीत बसलं. असं गोड चाललेलं मी ते इंजिन पुन्हा कधी ऐकलं नाही. सगळ्या स्क्रूंवर पिवळ्या रेघा होत्या, झाकण उघडलं की हळदीची बोटं उमटल्यासारख्या दिसायच्या.

आणि दोन आठवड्यांनी मी ते केलं.

इंजिनाच्या मागच्या अंगाला एक आडवा पत्रा असतो, सहा स्क्रूंनी बसवलेला, कडेनं रबराची पट्टी. दिसायला अगदी निरुपयोगी. मला वाटलं, हा पत्रा हवा अडवतो. तो काढला तर खालूनही हवा येईल आणि इंजिन जास्त थंड राहील. शिवाय त्याच्यामागं झाकलेला सायलेन्सर दिसेल, तो मी घासून चकचकीत केला होता. आता खरं लिहायलाच बसलोय म्हणून लिहितो: हवेचा विचार नंतरचा, सायलेन्सर दिसावा हा आधीचा. सहा स्क्रू काढले, पत्रा कॉटखाली सरकवला आणि कुणाला सांगितलं नाही.

तो पत्रा वरची गार हवा आणि खालची तापलेली हवा वेगळी ठेवतो. तो काढला की सायलेन्सरवरची गरम हवा वर चढते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. इंजिन स्वतःचाच श्वास घेत राहतं. हे मला नंतर कळलं. चाचांना विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं.

आई-वडील साताऱ्याला एका लग्नाला निघाले. मी कामावर होतो. खंबाटकीच्या चढावर इंजिन एकदा किंचाळलं आणि थांबलं, असं आई सांगायची. वडिलांनी गाडी कडेला घेतली, दोघं उन्हात तास-दीड तास उभी राहिली, आणि एका ट्रकवाल्यानं दोरानं ओढत गाडी संध्याकाळी पुण्यात आणून सोडली. लग्न बुडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा बघायला येणार होते.

उजाडताना मी उठलो. पत्रा कॉटखालून काढला, सहा स्क्रू लावले, हात धुतले आणि पेपर वाचत बसलो. रेघांचा विचार माझ्या मनातही आला नाही. घाबरलेल्या माणसाला दिसत नाही म्हणतात, पण मी एवढा घाबरलो होतो का, हेही मला आता नक्की सांगता येत नाही.

चाचा आले. झाकण उघडून बराच वेळ वाकून उभे राहिले. मी व्हरांड्यात होतो, वडील त्यांच्याशेजारी. चाचांनी मान वळवून वडिलांकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, याला कुणी हात लावला होता?"

वडील म्हणाले, "छे. कोण लावणार?"

चाचा काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. इंजिन हातगाडीवरून नाना पेठेत गेलं. तीन नंबरचा पिस्टन तापून सिलेंडरमध्ये चिकटला होता. दोन दिवसांनी वडील मला बरोबर घेऊन गॅरेजमध्ये गेले. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी समजुतीच्या सुरात, उघडलेल्या इंजिनासमोर उभं राहून, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या देखत ते म्हणाले, "उस्ताद, तुमचे रोजे चालू होते. उपाशीपोटी माणसाचा हात चुकायचाच. मी काही मनात धरत नाही."

चाचांच्या हातात चिंधी होती. ते हात पुसत राहिले. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात तयारही होतं, हे मला पक्कं आठवतं.

चाचांनी ते इंजिन पुन्हा पहिल्यापासून बांधून दिलं. पण स्वतः बसवायला आले नाहीत, माणसाबरोबर इंजिन पाठवलं. त्यानंतर वडील रविवारी नाना पेठेत गेले नाहीत. जायला निघायचे, चपला घालायचे, आणि कोपऱ्यावरून भाजी घेऊन परत यायचे. झाकण उघडून पाहुण्यांना दाखवणंही थांबलं. पुढं गाडी ताडपत्रीखाली गेली. मी नाना पेठेत सामान आणायला जायचो तेव्हा पलीकडच्या फुटपाथनं जायचो. रमजानमध्ये चाचांचं शटर महिनाभर बंद दिसायचं, आधी तसं नसे. लोक म्हणायचे, वय झालं, धर्माकडं ओढ लागली. मीही तेच मानलं. मानायला सोयीचं होतं.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. घर विकायची वेळ आली तेव्हा भावानं विचारलं, गाडीचं काय. मी म्हटलं, मी नेतो. का म्हटलं ते ठाऊक नाही. गाडी वारज्याला आणली आणि रोज संध्याकाळी थोडं थोडं खोलत गेलो. रुंद केलेल्या रिमा मोडीत दिल्या. दांडे पुन्हा काढले, खडूनं खूण करून मोठ्यानं आकडे म्हणत दाते मोजले आणि गाडी मूळ उंचीवर आणली. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी ते ऐकून माझ्या बायकोला विचारलं म्हणे, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

मग इंजिनाकडे वळलो. तेलकट मातीचा थर रॉकेलनं धुतला, तसा एकेक स्क्रू दिसू लागला. दुसऱ्या वेळी चाचांनी पिवळ्याऐवजी पांढरा रंग वापरला होता. सगळीकडे पांढऱ्या रेघा, सरळ, अखंड. पण मागच्या पत्र्याच्या सहा स्क्रूंवर पांढरी रेघ नव्हती. तिथे जुनी पिवळीच होती, तुटलेली. स्क्रूच्या डोक्यावरचा अर्धा तुकडा एकीकडे आणि पत्र्यावरचा भलतीकडे. इतरत्र सगळा जुना रंग त्यांनी खरवडून काढला होता. हे सहा तेवढे ठेवले होते.

म्हणजे त्यांना त्याच सकाळी दिसलं होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी लपवलं. मग ते बोलले का नाहीत? मला वाचवलं? की मी स्वतः येऊन सांगेन याची वाट बघत होते? की तो पत्राच त्यांना शिवायचा नव्हता? मी इंजिनासमोर सतरंजीवर बसून राहिलो. काम तिथं थांबलं, ते चार महिने थांबलं. रोज खाली जायचो, स्क्रूंकडे बघायचो, पाने पुसून पेटीत ठेवायचो.

शेवटी त्यांच्या मुलाचा पत्ता काढला आणि एका सकाळी वाघोलीला गेलो. चौथ्या मजल्यावर, गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत चाचा बसले होते. खूप बारीक झाले होते, पण नजर तीच. ओळखलं. म्हणाले, "साहेबांचा धाकटा. दाते मोजणारा." चहा आला. चाची आत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. मी फार वेळ घेतला नाही. घेतला असता तर पुन्हा परत फिरलो असतो.

"चाचा, तो मागचा पत्रा मी काढला होता. घाटात इंजिन बसलं त्याच्या आधी. आणि तुम्ही यायच्या आधी सकाळी परत लावला."

चाचांनी कप खाली ठेवला.

"तू?"

"मी."

"साहेबांनी नाही?"

"वडिलांना माहीतसुद्धा नव्हतं. शेवटपर्यंत."

ते गॅलरीच्या गजांतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं, कमी ऐकू येत असेल. मग ते बोलायला लागले, एवढं सलग की मध्ये मला काही म्हणता येईना. त्यांना वाटलं होतं, साहेबांनीच काढला. हवा कशी वाहते ते साहेब नेहमी सांगायचे, म्हणून स्वतः करून बघितलं असेल, फसलं असेल. साहेब आपण होऊन सांगतील म्हणून ते दोन दिवस थांबले. आणि साहेब आले ते रोज्यांचं बोलले, चार माणसांत. "मी म्हटलं, हा माणूस स्वतःची चूक माझ्या रोज्यांवर घालतो आणि वर मला माफ करतो." ते सहा स्क्रू साहेबांसाठी ठेवले होते. कधीतरी झाकण उघडतील, बघतील, आणि त्यांचं त्यांना कळेल.

वडिलांनी नंतर झाकण उघडलंच नाही, हे मी सांगितलं.

"ते वारले तेव्हा मी आलो होतो," चाचा म्हणाले. "तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं थोडा वेळ उभा राहिलो. मग म्हटलं, खोट्या माणसाच्या दारात कशाला जायचं. परत गेलो."

मी एका माणसाशी वाईट वागलो, एवढं कबूल करायला आलो होतो. ते दोन निघाले. वडील उस्तादांच्या उपाशी हातावर दया करत गेले, आणि उस्ताद वडिलांना खोटारडे समजत राहिले. दोघांपैकी एकालाही माझं नाव सुचलं नाही. मी चाचांना विचारलंसुद्धा, माझा संशय कसा नाही आला. ते म्हणाले, "तुझं सगळं लक्ष चाकांत. तुला पत्रा दिसत असेल असं वाटलं नाही."

मग त्यांनी आत हाक मारली. चाची ओढणीला हात पुसत आल्या. चाचा मला म्हणाले, "परत सांग. हिच्यासमोर."

मी परत सांगितलं. पहिल्या वेळी जमलं होतं ते दुसऱ्यांदा जमेना. शब्द तेच होते, पण मध्ये दोनदा थांबलो. चाचांनी मदत केली नाही. मी पूर्ण केल्यावर ते म्हणाले, "आणि रोज्यांचं."

"रोज्यांमुळे काही झालं नव्हतं," मी म्हटलं. "त्यांचा हात चुकला नव्हता. पत्रा मी काढला होता."

चाची माझ्याकडे बघत होत्या. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे याच्यामुळं तुम्ही दर रमजानला महिनाभर घरात बसून माझं डोकं खाल्लंत?"

लोक धर्माची ओढ म्हणत होते ते बंद शटर माझ्या डोळ्यांसमोर आलं. चाचींनी सांगितलं की दर वर्षी त्या विचारायच्या, काम करायला कुणी मनाई केली आहे का, आणि हे म्हणायचे, या महिन्यात माझा हात चालत नाही. मी माफी मागितली. ती कुणाची मागत होतो, ते बोलता बोलता मलाच नीट कळेनासं झालं. चाची म्हणाल्या, चहा गार झाला, दुसरा टाकते. आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

चाचांनी विचारलं, "पत्रा लावलास?"

"नाही अजून."

"कडेचं रबर?"

"सडलंय. मिळत नाही."

"मिळेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. रबराशिवाय पत्रा म्हणजे नुसता दिखावा." मग म्हणाले, "आणि त्या सहांवर रेघ तू ओढ. पिवळी नको. पिवळी माझी आहे. पांढरीपण माझी. तुझा दुसरा रंग घे."

उठताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले. रागानं की संकोचानं, ते कळलं नाही.

रबर दीड महिन्यानं मिळालं, नाना पेठेतच. इंजिन गाडीत बसवलं, पत्रा लावला, सहा स्क्रू एकेक करून आवळले. हिरव्या ऑइलपेंटचा लहान डबा आणून ठेवला आहे, बारीक ब्रशही आहे. झाकण उघडं ठेवून मी बराच वेळ तिथं उभा होतो. जुन्या तुटक्या पिवळ्या रेघा पुसून हिरवी ओढायची, की त्या तशाच ठेवून शेजारी ओढायची, हे विचारायचं राहिलं. त्यासाठी पुन्हा वाघोलीला जायला हवं.